दिव्याखाली गारवा

आमच्या गाडीच्या एसीचं बटण दाबलं की त्यावर एक इवलासा हिरवा दिवा लागतो. त्या वैशाखात तो इमानेइतबारे लागत होता, पण गारव्याचा पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार असतो हे ऐकून होतो. पण दिवा नावाच्या गावात राहायचं, आणखी एक दिवा लावायचा आणि तरी घामाघूम बसायचं, हा योग पत्रिकेतच असावा लागतो. जाळीतून येणारी हवा लांबच्या नातेवाइकाच्या चौकशीसारखी होती: कोमट, आणि लवकर आटोपणारी.

गंमत म्हणजे गाडी शिळफाट्याकडे पळू लागली की जरा बरं वाटे आणि थांबली की पुन्हा भट्टी. आता दिव्यात गाडी बाळगायची म्हणजे मुख्यतः ती फाटकाशी उभी करायची. ही पुलाचं काम चालू होतं त्या दिवसांतली गोष्ट. फाटक पडायचं, मग कल्याणकडची धीमी लोकल, मग जलद, मग आळोखेपिळोखे देत पनवेलच्या अंगाला वळणारी मालगाडी. दांडा वर जातोय असं वाटून सगळ्यांनी गिअर टाकावा, तर नेमकी कोकणातून रात्रभराच्या थकव्याचा चेहरा घेऊन कुणीतरी यायची. आई मागच्या सीटवर पदराने वारा घेत म्हणायची, "यापेक्षा सावंतवाडी पॅसेंजर बरी. दाराशी बसलं की वारा तरी फुकट मिळतो."

शेवटी आगासन रोडवरच्या एका गॅरेजात गाडी नेली. आईही आली, गाडी डॉक्टरकडे न्यायची तर सोबत घरचं मोठं माणूस नको का? मेकॅनिक विशीतला. त्याने बॉनेट उघडलं, निळ्या आणि लाल नळीचे गेज लावले आणि काट्यांकडे बघत राहिला. आईने त्याच्या बोलण्याचा हेल हेरला होता. "खंयचो रे तू?" "कुडाळचो, काकी." मग काय, पुढचा अर्धा तास एसीची विचारपूस बंद आणि कणकवली ते कुडाळ सगळ्या ओळखीपाळखींची सुरू.

गॅस उडाला होता. कुठून, ते शोधायला त्याने पायपात नायट्रोजनचं प्रेशर सोडलं आणि सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावला. आम्ही तिघं वाकून पाहत होतो. एका सांध्यावर हरभऱ्याएवढा बुडबुडा आला, थरथरला, फुटला. लगेच दुसरा आला. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या ओठांवर येतो ना, तसा. सगळी आग या एवढ्याशा बुडबुड्यापायी. त्या जागची रबरी ओ-रिंग बोटावर घेऊन पोरगा म्हणाला, "हीच ती." मला तिच्यावर रागावताच येईना. आठ वर्षं दाब सोसून एखादी वस्तू जरा सैल झाली, तर तिला काय बोलायचं?

एसी थंडी तयार करत नाही, हे मला त्या दिवशी नीट उमगलं. आत कॉइलमध्ये गॅस उकळतो. मोकळ्या हवेत तर तो उणे २६ अंशालाच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो आपल्या अंगातून उचलतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि पुढच्या कंडेन्सरमधून ती उष्णता बाहेर ओततो. म्हणजे माझा घाम मी शेजारच्या रिक्षावाल्याच्या अंगावर टाकत होतो. कंडेन्सरला वारा लागला तर हे काम होतं. उभ्या गाडीत सगळी मदार पंख्यावर. आमच्या कंडेन्सरच्या पापुद्र्यांत तर दिव्याची धूळ गच्च बसलेली. पाण्याचा फवारा मारला तेव्हा नांगरटीच्या पहिल्या पावसासारखा गढूळ ओहोळ वाहिला. त्यात पुन्हा एक उफराटं. जुन्या गाड्यांतला गॅस ओझोनला भोकं पाडतो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बाद झाला. त्याच्या जागी आलेला ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढे. आईचे गुडघे गार करता करता आमचा गॅस निसटला आणि अख्ख्या जगाला ऊब द्यायला गेला. मुळात विलिस कॅरियरने १९०२ साली हे यंत्र रचलं तेही माणसांसाठी नव्हे. ब्रुकलिनच्या एका छापखान्यातला कागद दमटपणाने फुगू नये म्हणून. माणसाचा नंबर कागदानंतर लागला, याचं लिहिणाऱ्याने वाईट वाटून घेऊ नये.

पोराने पाइपांतली हवा खेचायला व्हॅक्यूम लावला आणि तेवढ्यात डॅशबोर्डचा खण उतरवून मागचा फिल्टर ओढून काढला. पांढरा असायला हवा तो भर पावसाळ्यातल्या आभाळासारखा झालेला. त्याच्या घड्यांत आमचं वर्ष निजलं होतं: बांधकामांची सिमेंटी पूड, डम्पिंगच्या धुराची काजळी, कसलीशी वाळकी पानं, एक पंख, आणि गणपतीत उडवलेल्या चमकीचा एक कण, अजून चमकणारा. नाकाजवळ नेला तर खाडीचा ओला, चिखलाळ वास. पोरगा तो फेकायला निघाला तेव्हा उगाचच वाटलं, थांब म्हणावं. आई मात्र व्यवहारी. "कॉइल ओली राहते, वारा तिच्यावरून जातो, होय ना? मग आमच्या माठाला ओलं फडकं गुंडाळायचो, त्यात आणि ह्याच्यात फरक काय?" पोराने डोकं खाजवलं. "फरक बिलाचा, काकी."

गॅस भरला. कॉम्प्रेसरच्या क्लचने 'टक्' केलं, आणि जाळीतून मृगाच्या आदल्या संध्याकाळचा वारा आला. पोराने वाकून गाडीखाली पाहिलं. "पाणी ठिबकतंय. ठिबकतंय तोवर समजा, बरं चाललंय."

येताना अर्थातच फाटक पडलेलं. समोरून एसी लोकल गेली. काचेमागचे गारेगार लोक काचेमागच्या गारेगार आम्हाला पाहत होते, आणि मधे रिक्षावाले टॉवेलने मान पुसत होते. आईने शाल मागितली. आज किती तरी दिवसांनी फाटक लवकर उघडू नये असं वाटत होतं, म्हणून ते लवकर उघडलं. मागून हॉर्नचा गजर. मी गिअर टाकणार तोच पानटपरीवाला हात वर करून धावत आला: "थांबा, थांबा!" उतरून पाहिलं. गाडीखाली, ठिबकणाऱ्या पाण्याने भिजलेल्या हातभर जमिनीवर, एक तांबूस कुत्रं पोट टेकवून, पाय ताणून झोपलं होतं. थेंब बरोबर त्याच्या कानावर पडत होता.

आई काच खाली करून म्हणाली, "ऊठ रे बाबा." त्याने एक डोळा उघडला, आमच्याकडे पाहिलं, आणि मिटला. फाटक पुन्हा पडलं.