होर्डिंगवरची आखाजी

"वहिनी, चौकातलं सोन्याचं नवीन होर्डिंग पाहिलं का?"

"पाह्यलं ना! कडुनिंबाला झोका, झोक्यावर नवी नवरी, मागे नऊवारीतली माय. नवरीच्या अंगावर इतकं सोनं, की झोका तुटत कसा नाही?"

आमच्या वहिनींचं सासर जळगावचं, माहेर धुळ्याकडचं. एखादी गोष्ट खटकली की कुंपणाला टेकून सरळ अहिराणीवर येतात. "हाई काय आखाजी शे?" आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया.

म्हटलं, "झोका तर आपलाच आहे की."

"झोका आपला, माय आपली, बाकीचं बठ्ठं कुठे गेलं? पितरांची घागर दिसली? तिच्यावरचं डांगर, आंबे? आगारी टाकलेली चूल? अन् वर्षभर शेतात राबणारा सालदार? आखाजीला त्याचं साल संपतं, हिशेब होतो, नवं साल ठरतं. पण तो कुठे हार घेणार आहे! मग त्याचा फोटो कशाला लावतील? आणि आखाजीला पत्ते कुटत बसणारे आमचे हे? तेही नाहीत."

पत्त्यांचं ऐकून भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. वहिनींनी आवाज मुळीच कमी केला नाही.

खरं म्हणजे मुद्दा बिनतोड होता. आखाजीच्या झोक्यावर पोरी गातात त्यात माहेरच्या कौतुकाइतकाच सासरचा जाच असतो, न्यायला न आलेल्या भावावरचा राग असतो. होर्डिंगवाल्याने माहेर तेवढं उचललं. मोती साबणाचंही तेच. दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना उठवत फिरणारे ते 'अलार्म काका', विद्याधर करमरकर, दिसले की आपल्याला उटणं आणि आईची हाक आठवते. थंडीत बंबात लाकडं कोण घालत होतं, ते आठवत नाही.

"त्यापरीस ललिताजी बरी," वहिनी म्हणाल्या. स्वस्त निरमाने बाजार खाल्ला, तेव्हा सर्फने जाहिरातीत ही बाई उभी केली. कविता चौधरींनी साकारलेली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैशाला पैसा मोजणारी. "विकायचं होतं महागडंच, पण बाईला हिशेब कळतो, हे तरी दाखवलं!"

मी कॅडबरीच्या क्रिकेटवाल्या जाहिरातीची आठवण काढली. १९९४ मध्ये त्याने षटकार मारला आणि ती मैदानात नाचत शिरली. २०२१ मध्ये तीच जाहिरात उलटी केली, ती खेळते आणि तो नाचतो. मला आवडली होती. वहिनींचा निकाल तयार होता. "बाईच्या हाती बॅट यायला सत्तावीस वर्षं! ती पण पोरी आधीच मैदान मारून बसल्यावर."

यावर मी गप्प. कंपन्या बदल घडवत नाहीत, घडून गेलेला बदल पाहून गाणं बसवतात, असं माझंही मत होत चाललंय.

जळगावच्या सोन्याला खरं तर झोक्याची गरज नव्हती. राजमल लखीचंद ही पेढी १८५४ पासूनची. इथल्या सोन्याचं नाव ऐकून बाहेरगावची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला आली की सराफ्यात डोकावतातच. पूर्वी सराफ वजन आणि कस सांगायचा. आता पेढ्या झाल्या उदंड, कस सगळ्यांचाच २२ कॅरेट, ९१६. मग वेगळं काय दाखवणार? माय दाखवायची. आणि मायच्या पायाशी चांदणी काढून बारीक अक्षरात 'अटी लागू'.

"लेकीला काही घ्यायचंय ना तुला?" वहिनींनी विचारलं. "घे, पण झोका पाहून घेऊ नको. घडणावळ किती टक्के, ते पावती फाडायच्या आधी विचार. मोड घालताना घट किती धरणार, तेही."

त्यात माझी एक भर. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दुकानात भिंग मागा आणि तो नंबर स्वतः वाचा.