राजापेठेतला पयला नंबर

दुपारी तीनच्या सुमारास, मालक जेवून गल्ल्यावर पेंगत असतो त्या वेळी, अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानात एक तरुण शिरतो. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात दोन मोबाइल आणि तोंडात एकच प्रश्न: ‘काकाजी, गुगलवर तुम्ही कितव्या नंबरवर हाये?’

काकाजी चाळीस वर्षं याच गादीवर बसून गाद्या विकत आलेले. आपण कितवे आहोत, हे त्यांना शाळा सुटल्यापासून कोणी विचारलेलं नसतं. ते दचकतात. अर्धा सौदा तिथंच होतो.

बाजारात याला ‘पयला नंबरवाला’ म्हणतात. कार्डावर मात्र ‘डिजिटल ग्रोथ कन्सल्टंट’ असतं. इंजिनिअरिंग झालेलं असतं, पुण्यात दीड वर्ष काढलेलं असतं आणि ‘घरी आई एकटी हाये’ म्हणून परत येणं झालेलं असतं. आई रोज भजनाला जाते, ती घरी एकटी कधी सापडत नाही, हा भाग वेगळा.

महिन्याभरानं तो प्रात्यक्षिक दाखवायला येतो. काकाजींचाच मोबाइल घेतो, ‘गादीवाला निअर मी’ असं टाकतो, आणि काय सांगता, काकाजींचं दुकान सगळ्यात वर! काकाजी चष्मा पुसून पुन्हा पाहतात. चहा सांगतात. सोबत गिला वडाही येतो. बिल चुकतं होतं.

संध्याकाळी बडनेऱ्याहून साळ्याचा फोन. ‘भाऊजी, तुमचं दुकान तं कुठीच दिसून नाही राहिलं.’ दुसऱ्या दिवशी काकाजी पयल्या नंबरवाल्याला गाठतात. ‘काबे, मी दुकानात बसून हावो, तं मले माह्यंच दुकान दाखवून पैसे नेले का तुनं?’

खरं तर यात लबाडी अर्धीच आहे. जवळपासच्या दुकानांची यादी लावताना आपण तीन गोष्टी पाहतो, असं गुगल उघडच सांगतं: शोधलेल्या शब्दांशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. दुकानातच बसून दुकान शोधलं, तर अंतर शून्य. बडनेऱ्यातल्या माणसाला आधी बडनेऱ्यातला गादीवाला दिसणार. एकच असा पहिला नंबर नसतोच. प्रत्येक ओट्यावर तो वेगळा असतो. पैसे देऊन ही जागा मिळत नाही, हेही गुगलनं लिहून ठेवलंय. जाहिरातीची जागा विकत मिळते, पण तिच्यावर तसं छापलेलं असतं. हे सगळं पयल्या नंबरवाल्याला ठाऊक असतं. म्हणून तर प्रात्यक्षिक तो नेहमी गिऱ्हाइकाच्याच दुकानात देतो.

अमरावतीकरांचं आणखी एक दुखणं आहे, ते पुण्या-मुंबईवाल्यांना कळायचं नाही. गावाचं नाव इंग्रजीत लिहिताना मध्ये एक ‘ए’ जास्त पडला, की माणूस अंबादेवीच्या गावातून उठून थेट कृष्णेच्या काठी, आंध्रातल्या अमरावतीत जाऊन पडतो. त्या अमरावतीत राजधानीची पायाभरणी २०१५ साली झाली आणि तेव्हापासून बातम्यांत तिचाच गाजावाजा. पयल्या नंबरवाल्यानं यावर तोड काढली. काकाजींच्या वेबसाइटवर त्यानं गावाची दोन्ही स्पेलिंगं घातली. आठवड्याच्या आत विजयवाड्याकडून कोणी तरी फोन केला आणि तेलुगूत भाव विचारला. काकाजींनी हिंदीत पत्ता सांगितला. दोघंही समाधानानं फोन ठेवून मोकळे झाले.

काकाजींच्या जुन्या पाटीवर अभिमानानं लिहिलेलं होतं: ‘आमची कोठेही शाखा नाही.’ पयल्या नंबरवाल्याला ते वाक्य पाहूनच कापरं भरलं. त्यानं वेबसाइटवर साईनगर, दस्तूरनगर, बडनेरा, अचलपूर, दर्यापूर अशी गावागावांची, मोहल्ल्यामोहल्ल्यांची एकवीस पानं काढली. मजकूर सगळीकडे तोच, फक्त नाव बदललेलं. या धंद्यात अशा पानांना ‘डोअरवे’ म्हणतात, आणि त्यांची खोड जुनी आहे. २००६ च्या फेब्रुवारीत असल्याच पानांपायी गुगलनं बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट यादीतून उचलून बाहेर ठेवली होती. बीएमडब्ल्यूला जे पचलं नाही, ते राजापेठेतल्या गादीला पचेल, हा विश्वास आणायचा कुठून? तो मात्र त्याच्याकडे पोतंभर असतो.

पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘बेस्ट गादी, सस्ती गादी, लग्नाची गादी’ असं चाळीसदा लिहून ठेवणं हा त्याचा आवडता छुपा डाव. काकाजींच्या नातवानं एकदा माउस ओढून सगळं पान निवडलं आणि ती भुतावळ निळ्या पट्ट्यात उभी राहिली. ‘आजोबा, इथं कोनं तरी शाळेतली शिक्षा लिहिली हाये.’ शिवाय ‘मेटा कीवर्ड’ नावाच्या रकान्यातही तो शब्द कोंबतो. त्या रकान्याकडे आपण बघतच नाही, हे गुगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तेव्हा पयला नंबरवाला शाळेत होता, त्यामुळे निरोप पोचला नसावा.

दुकान घसरलं, की त्याच्याकडे कारण तयार: ‘अपडेट आला ना काकाजी.’ पाऊस लांबला की वेधशाळा जशी कमी दाबाच्या पट्ट्याकडे बोट दाखवते, तसं. २०११ चा पांडा निकृष्ट मजकुरावर आला, २०१२ चा पेंग्विन विकतच्या लिंकांवर, २०१४ चं कबूतर जवळपासच्या दुकानांच्या यादीवर. (कबुतराचं नाव गुगलनं नव्हे, बाहेरच्याच लोकांनी ठेवलं.) काकाजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अन् मेळघाटचा वाघ कवा सोडतेत?’

आता गंमत अशी, की हाच माणूस चार कामं फार चोख करतो. नकाशावर दुकानाची खूण रेल्वे लाइनीवर पडलेली होती. त्यानं ती उन्हात उभं राहून, फोन हातात धरून, ओट्यासमोर आणली. कित्येक वर्षांपूर्वी मेलेला लँडलाइन नंबर काढून चालू मोबाइल टाकला. दुकान कोणत्या वारी बंद असतं ते लिहिलं. कापूस पिंजून भरताना फोटो काढले. दुकानाचं नाव मराठीतही घातलं, कारण दर्यापूरचा माणूस बोलून शोधतो, आणि मराठीत बोलतो. पण या कामांची त्याला लाज वाटते. इतकं सोपं काम केलं म्हणून सात हजार कसे मागायचे? बिलात ही सगळी कामं शेवटच्या ओळीत, ‘इतर’ या सदराखाली असतात. एकवीस पानं आणि पांढरी अक्षरं मात्र वर, ठळक टायपात.

परवा लग्नाच्या गाद्या न्यायला दर्यापूरकडची एक मंडळी आली. काकाजींनी पहिला प्रश्न टाकला, ‘गुगलवर कितव्या नंबरवर दिसलो आम्ही?’

‘नंबर कोनं पायला?’ कपाळाचा घाम पुसत पाव्हणा म्हणाला. ‘आधी दोघा जनायले फोन लावला, थो लागलाच नाही. तुमचा लागला. मंग मोबाइल दाखवत गेला, आम्ही येत गेलो.’

पयला नंबरवाला कोपऱ्यातच बसलेला होता. त्यानं लगेच लॅपटॉप उघडला आणि महिन्याच्या रिपोर्टात नवी ओळ टाकली. काकाजींनी मान लांब करून विचारलं, ‘काय लिवलं बे?’

‘ऑरगॅनिक ट्रॅफिक वाढलं, काकाजी.’

‘ऑरगॅनिक?’ काकाजींनी पाव्हण्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. ‘म्हंजे शेणखतावरचं?’