बॅरल पुसणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन! परवान्याचे अर्ज, पोलीस पडताळणी, असोसिएशनचे सभासदत्व असे सगळे घाट चढून .२२ ची रायफल अखेर तुमच्या हातात आली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले ते याच जातीच्या रायफलने. म्हणजे आता फक्त नेमबाजी शिकायची राहिली. पण ती सावकाश. नवशिक्याचा पहिला ओढा नेमाकडे नसतोच, बॅरल पुसण्याकडे असतो. पुसताना कोणी गुण मोजत नाही.

सुरुवात बोल्ट बाहेर काढून करावी आणि मागून नळीत बघावे. पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसला पाहिजे. ‘रिकामीच आहे हो’ असे म्हणून बोल्ट न काढणाऱ्याने हा लेख इथेच मिटावा. रायफलही मिटावी.

आता साहित्य. एकसंध, आवरण चढवलेला रॉड. तो नळीच्या मधोमध धरून ठेवणारा बोअर गाइड. पॅच, ब्राँझचा ब्रश आणि थोडे तेल. तीन तुकडे पेचाने जोडायचा रॉड स्वस्त मिळतो; त्याचे सांधे प्रत्येक फेरीत नळी खरवडतात, ही सेवा किमतीतच धरलेली असते. नवशिक्याच्या कपाटात याशिवाय पाच-सहा बाटल्या असतात. त्यांतली तांबे विरघळवणारी बाटली मोठ्या बोअरच्या एखाद्या मित्राला आजच देऊन टाकावी. त्याच्या गोळीवर तांब्याचे कवच असते. तुमची गोळी नुसत्या शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात फिरवलेली. तरीही हट्टाने ते द्रावण घातलेत, तर पॅच निळसर निघेल आणि तुम्ही हर्षभराने म्हणाल, ‘बघा, किती तांबं होतं!’ ते तांबे तुमच्याच ब्रशचे आणि रॉडच्या पितळी टोकाचे. असा शोध कितीही दिवस चालू ठेवता येतो, निळा रंग कधी दगा देत नाही.

प्रत्यक्ष कृती छोटी आहे. रॉड नेहमी चेंबरच्या बाजूने घालावा, मझलकडून, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाकडून, कधीही नाही. मझल किंचित खाली झुकवावे, म्हणजे द्रावण ट्रिगरमध्ये उतरत नाही. ओला पॅच एका दमात पुढे न्यावा, मझलबाहेर पडला की काढून घ्यावा. पुढे ढकललेली घाण पुन्हा मागे ओढण्यात पुण्य नाही. मग कोरडे पॅच. ब्रशचे खरे काम चेंबरच्या तोंडाशी, जिथून गोळी रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खोबणींत, शिरते. तिथे कार्बनचे कडे बसते आणि ते दगडासारखे कडक होते. तुमच्या .२२ सारख्या रिमफायर गोळीच्या प्रायमरमध्ये बऱ्याचदा काचेची भुकटी असते. ती नळीच्या तळाशी पडून राहते आणि चेंबरच्या पुढचा भाग सावकाश खात बसते. सगळी मेहनत या बोटभर जागेत खर्च करावी. नवशिक्या नेमका उरलेल्या दोन फुटांवर घाम गाळतो.

यानंतर येतो खरा प्रसंग. चकचकीत बॅरल घेऊन तुम्ही रेंजवर जाता. पहिली गोळी आठात, दुसरी नवात, तिसरी भलतीकडेच. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, त्यामुळे एवढे भटकणेही डोळ्यांत भरते. तुमचे निदान तयार असते: नीट पुसले गेले नाही. खरे कारण उलटे आहे. पुसल्यावर नळीतला मेणाचा थर जातो, तो पुन्हा बसेपर्यंत आठ-दहा किंवा अधिक गोळ्या वाया घालवाव्याच लागतात. पण तुम्ही तिसऱ्या गोळीलाच बोल्ट काढता, पुन्हा पुसता, पुन्हा आठ, पुन्हा नऊ. या पद्धतीने गोळ्यांपेक्षा रॉडच्या फेऱ्या जास्त होऊ शकतात. शिशाची गोळी पोलादाला फारसे झिजवत नाही; नीट राखलेले .२२ चे बॅरल पन्नास हजार गोळ्यांच्या पुढेही चांगला ग्रुप, म्हणजे भोकांचा घट्ट पुंजका, देते. त्याचे आयुष्य कमी करायचे असेल तर प्रेमच करावे लागते.

प्रत्येक रेंजवर एक निवृत्त हवालदार काका असतात. ते सांगतील, ‘नळीत उकळतं पाणी ओता, मग चिंधी फिरवा.’ हसू नये. .३०३ च्या जमान्यातल्या प्रायमरमधून नळीत क्षार उरायचा, तो हवेतली ओल ओढून पोलाद गंजवायचा. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून पाणी. त्याच काळातली आणखी एक गोष्ट: ली-मेटफर्ड रायफलचे उथळ, गोलसर रायफलिंग कॉर्डाइट दारूच्या आचेने इतके लवकर झिजायला लागले, की १८९५ मध्ये चौकोनी कडांच्या पाच खोबणी असलेले एनफील्ड रायफलिंग आणावे लागले आणि ली-एनफील्ड जन्मली. काकांचा सल्ला काकांच्या बॅरलला अगदी योग्य होता. तुमच्या प्रायमरमध्ये तो क्षार नाही. नमस्कार करावा, पाणी चहाला वापरावे.

तपासणीचे सर्वांत घातक साधन म्हणजे बोअरस्कोप. नळीत कॅमेरा सोडून पडद्यावर बघायचे. एकदा बघितले की संपले: कारखान्यातून आलेल्या ओरखड्यांच्या दऱ्या दिसतात, शिशाचा डाग म्हणजे भगदाड वाटते. चांगला ग्रुप देणारी कितीतरी बॅरले या पडद्यावर मृत घोषित झाली असतील. बॅरलची प्रकृती कागदावरच्या भोकांना विचारावी. कॅमेरा कार्बनच्या कड्यासाठी ठीक, बाकी तो कपाटात शोभतो.

त्यापेक्षा मझलचे तोंड बघा. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती तिथे. कडेला बारीक टवका असला, तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का बसतो. कान कोरायची कापसाची काडी आतून बाहेर कडेवरून फिरवावी. तंतू अडकले, तर काहीतरी आहे. याला चार आणेही पडत नाहीत, म्हणून हे कोणी करत नाही.

पावसाळ्याचे थोडक्यात: रायफल फोमच्या पेटीत मिटून ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो. नळीत तेलाचा पातळ हात द्यावा आणि मारण्याआधी कोरड्या पॅचने तो काढावा. मुंबई-कोकणात हे विसरलात, तर गंज आठवण करून देतो.

‘बॅरल गेलं’ हे वाक्य उच्चारण्याआधी बेडिंगचे स्क्रू तपासा, साइट हलते का बघा, गोळ्यांचा लॉट बदला. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे ग्रुप देतात. म्हणून तर मोठे नेमबाज जर्मनीतल्या शोनेबेकला, लापुआ या गोळ्यांच्या कंपनीच्या चाचणी केंद्रात, रायफल शिकंज्यात बसवून लॉट निवडतात. तेवढी ऐपत नसेल, तर रायफल रेंजवरच्या एखाद्या शाळकरी मुलीच्या हाती द्यावी. तिने दहाच्या आत भोके पाडली, तर दोष कुठे आहे ते समजते. रॉडने तो निघत नाही.

आणि खरेच गेले असेल, तर बंदूक कारागिराकडे जावे. मझल आपणच दोन इंच कापून नवे तोंड काढावे, हा विचार करवतीसकट दूर ठेवावा: शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ६ नुसार बॅरल आखूड करायलाही परवाना लागतो. त्याच कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच, तेव्हा उतरवलेले जुने बॅरल रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊ नये.