ग्रंथालयात नाटक कसे ऐकावे

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संगीत नाटक ऐकायला जाणाऱ्याने कान घरी ठेवून जावे. सुरुवातीचे दोन-तीन तास तरी त्यांचे काम नसते. ऑपेरा शोधणाऱ्याचे बरे असते. ‘मोझार्ट’ टंकले की यादी हजर. शब्द लिहिणारा लोरेन्झो दा पोन्ते कोण, हे ठाऊक नसले तरी अडत नाही, कारण तिकडे ऑपेरा संगीतकाराच्या नावावर चढतो. आपल्याकडे ‘मानापमान’ (१९११) खाडिलकरांचे. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे खास कोल्हापूरकराच्या; पण सातबारा नाटककाराचा. ड्यूई दशांश पद्धतीत ऑपेरा ७८२.१ या अंकावर बसतो आणि मराठी नाटक ८९१.४६२ वर; मध्ये शंभराहून अधिक आकडे आणि बहुधा एक जिना. तेव्हा ध्वनिमुद्रण हरवले म्हणून गळा काढण्यापूर्वी ते कोणाच्या नावावर लागले आहे, ते पाहावे.

पुढची पायरी नावांची. यादीत आडनाव आधी आणि नाव मागून, हा नियम कलावंतांनाही सुटत नाही. त्यामुळे ‘गंधर्व, बाल’, ‘गंधर्व, छोटा’, ‘गंधर्व, सवाई’ आणि ‘गंधर्व, कुमार’ एका घरातल्या चार भावांसारखे ओळीने उभे राहू शकतात. राजहंस, गोरे, कुंदगोळकर आणि कोमकली ही त्यांची खरी आडनावेही म्हणून टंकून पाहावीत. नाटकाचे नाव रोमन लिपीत असेल, तर ‘मानापमान’मध्ये किती ‘ए’ घालायचे याचे सर्व पर्याय संयमाने आजमावावेत. संयम सुटला, तर छापील पुस्तक मागवावे.

खरी किल्ली तिथेच आहे. संगीत नाटकाचे जुने पुस्तक उघडले की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग, ताल आणि ‘चाल’ दिलेली आढळते. चाल म्हणजे ज्या चिजेवर पद बेतले तिचे पहिले शब्द. तबकडीच्या गोल लेबलावर गायकाचे नाव आणि पदाचे पहिले शब्द. या दोन कागदांची गाठ पदाच्या पहिल्या शब्दांशी पडते, म्हणून शोधायचे ते शब्द, नाटक नव्हे. पूर्ण नाटक तबकडीवर मिळेल ही आशा मात्र सोडावी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची आणि नाटक रात्रभराचे. चित्रफीत हवी असल्यास तिसऱ्या कपाटाकडे, सिनेमाकडे, वळावे: ‘प्रभात’ने १९३२ साली कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्राच्या भूमिकेत टेंबे दिसतातही आणि ऐकूही येतात.

जाणकार म्हणतील, संगीत नाटक म्हणजे ऑपेरा नव्हेच. तिथे संवादसुद्धा गातात, इथे पदांच्या मधोमध चांगले खणखणीत गद्य असते. मान्य. पण गद्य आहे म्हणून गाणे यादीतून गाळावे, हा न्याय कुठला? तरुण म्हणतील, यूट्यूबवर सगळे आहे. आहे खरे, पण तिथे एकच पद पाच जणांनी गायलेले असते, साल नसते, आणि चाल कोणाची हे सांगायची तसदी क्वचितच कोणी घेतो. नोंद नसलेला आवाज पत्ता नसलेल्या पाकिटासारखा हातोहात फिरतो. तिसरा म्हणेल, नोंदीचा एवढा खटाटोप कशाला? कोल्हापुरात खासबाग मैदानाशेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडले. ते पुन्हा कुठे उभारायचे, हे कोणाला विचारावे लागले नाही. आवाजाला असा चौक नसतो, खासबाग मैदानाशेजारची जागा नसते. त्याला जागा मिळते ती नोंदीच्या ओळीतच.

म्हणून निघण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. शोधखिडकीत ‘टेंबे’ टंकावे. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक आले, तर ग्रंथालय चांगले समजावे. त्याच्या खाली ‘मानापमान’ही आले, तर खुर्ची ओढून बसावे आणि कान मागवून घ्यावेत. आले नाही, तर सूचनावहीत एकच ओळ लिहावी: या नाटकाला संगीतकारही होता.