बडी बोट, पोकळ वासा

महाराष्ट्रात असेपर्यंत माझ्या साडूंनी भिंतीत खिळासुद्धा स्वतःच्या हाताने ठोकला नव्हता. यात कमीपणा काही नाही, शिकल्यासवरल्या मराठी घराची ती रीतच आहे. खिळा ठोकायला सुतार येतो. 'उद्या येतो' म्हणून पुढच्या गुरुवारी येतो, चहा घेतो, आधीच्या सुताराला नावं ठेवतो, आणि त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून 'जरा डावीकडे घ्या' म्हणणं एवढीच घरमालकाची कारागिरी. सिडनीत साडूंनी पहिल्यांदा सुतार बोलावला, तेव्हा त्याने नुसतं येऊन बघण्याचे जे पैसे सांगितले, तेवढ्यात कुडाळला दोन दरवाजे चौकटीसकट बसले असते. वर चहाही नाकारला. त्या संध्याकाळी साडू बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि ड्रिल घेऊन आले.

हे दुखणं एकट्या साडूंचं नाही. मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडेपर्यंत पूर्वी गृहकर्जाच्या व्याजदराचा विषय निघायचा. आता अंगणातल्या डेकला मर्बाऊचं लाकूड बरं की स्पॉटेड गमचं, यावर दोन तट पडतात. ज्यांच्या वडिलांनी फ्यूजची तार बदलायलाही वायरमन बोलावला, ती माणसं गोलाकार करवतीच्या पात्याला दात किती असावेत यावर अधिकारवाणीने बोलतात.

पण डेक वेगळा आणि बोट वेगळी. त्यातून जेटबोट.

जेटबोटीला खाली पंखा नसतो आणि सुकाणूही नसतं. इंजिन आतला पंप फिरवतं. तो बोटीच्या पोटाखालच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या तोंडातून जोराने फेकतो. ते तोंड डावी-उजवीकडे वळवलं की बोट वळते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मेंढ्यांचा मोठा फार्म चालवणाऱ्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात हे यंत्र आपल्याकडच्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी वापरात आणलं, आणि श्रेय मात्र आर्किमिडीजच्या पदरात टाकलं. १९६० साली या बोटी कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध ग्रँड कॅन्यन चढून गेल्या. आपल्या गंगेनेही त्या पाहिल्या आहेत. १९७७ मध्ये एडमंड हिलरी गंगासागरहून तीन जेटबोटी घेऊन नदीतून वर निघाले. एकीचं नाव 'गंगा', दुसरीचं 'किवी' आणि तिसरीचं 'एअर इंडिया'. नंदप्रयागजवळ एका धबधब्याने त्यांना अडवलं. ही हकीकत आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, तोंडपाठ, कारण त्याच वर्षी ते सार्वजनिक बांधकाम विभागात चिकटले. साडूंनी व्हिडिओ कॉलवर जेटबोट घेतल्याची बातमी दिली, तेव्हा अभिनंदनाच्या आधी अण्णांनी विचारलं, "जवळपास धबधबा आहे का?"

बोट देखणी होती. सतरा फुटी, सत्तरच्या दशकाच्या अखेरची, नारिंगी, आणि त्या काळच्या फॅशनप्रमाणे रंगात चमकी मिसळलेली. आत होल्डनचं पाच लिटरचं व्ही-एट, इथल्या भाषेत 'थ्री-ओ-एट'. होल्डनचा इथला कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. तेव्हापासून हे इंजिन सुरू झालं की पन्नाशीपुढचे ऑस्ट्रेलियन पुरुष आवाजाच्या दिशेने चालू लागतात. विकणाऱ्या गृहस्थांचे डोळे निरोप देताना पाणावले. त्यांच्या पत्नीने मात्र ट्रेलर आमच्या गाडीला जोडायला स्वतः हात लावला. साडूंना हे सौजन्य वाटलं.

घरी आणल्यावर मेहुणी कौतुकाने बोटीत चढली आणि तिचा उजवा पाय गालिच्यासकट गुडघ्यापर्यंत खाली गेला. मेहुणीच्या वजनाचा विषय त्या घरात त्या क्षणी कायमचा बंद झाला आणि लाकडाचा सुरू झाला.

फायबरग्लासची बोट म्हणजे नखशिखांत फायबरग्लास, असा माझाही समज होता. कवच तेवढं काचतंतूंचं. सांगाडा लाकडाचा. नाळेकडून मागच्या भिंतीपर्यंत तळाशी लांब वासे असतात, त्यांना इथे स्ट्रिंगर म्हणतात. इंजिन त्यांच्यावर बसतं. वर प्लायची जमीन, आणि मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, तीही प्लायची. सगळ्या लाकडावर फायबरग्लासची गुंडाळी, म्हणजे पाण्याला शिरकावच नको. मग एक दिवस कोणीतरी सीट घट्ट बसवायला जमिनीत चार स्क्रू मारतो. त्या भोकांतून पाणी आत जातं, आणि जी गुंडाळी त्याला बाहेर ठेवण्यासाठी होती तीच त्याला आत कोंडून ठेवते. पुढचं काम बुरशी करते. यातली गंमत अशी, की खारं पाणी या बुरशीला सोसत नाही, तिला पावसाचं गोडं पाणी लागतं. म्हणजे बोट समुद्रावर गेली तर टिकते, आणि मालक तिला जपून अंगणात ठेवतो तिथे ती कुजते.

'बडा घर पोकळ वासा' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण पोकळ वासा प्रत्यक्ष बघितला तो या बोटीत. वरचं कवच जसंच्या तसं, कोपरे काटकोनात, आणि आत काळा, ओला भुसा. वास आळंब्यांचा. हा वासा काढायला करवत लागली नाही. मेहुणीचं खुरपं पुरलं.

त्याच सुमारास अण्णा आणि सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. अण्णा शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सावंतवाडी, कणकवली, वैभववाडी, सगळीकडच्या मोऱ्या त्यांना नावानिशी ठाऊक. चहा होताच गॅरेजमध्ये गेले, बोटीभोवती एक प्रदक्षिणा घातली, हातोडीने टकटक केलं आणि म्हणाले,

"थोरले जावईबापू, अंदाजपत्रक कुठाय?"

साडू म्हणाले, "अण्णा, घरचंच काम आहे."

"घरचं काम म्हणूनच विचारतो. सरकारी काम अंदाजपत्रकाशिवायसुद्धा होतं."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी एक जाड वही आणवली, तिच्या पानांवर हाताने क्रमांक घातले आणि ती मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम.बी., असल्याचं जाहीर केलं. यापुढे एम.बी.त नोंद नसलेलं काम झालेलं नाही, असं समजण्यात येईल. त्या वहीत आजही वाचता येतं: 'बाब क्र. ४. डावा मुख्य वासा, कुजलेला, काढणे, सर्व लीड व लिफ्टसह पूर्ण.' साडूंनी हरकत घेतली, की गॅरेजपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत कसली आली लीड? अण्णा म्हणाले, "अंतर आहे ना? मग आहे." बोटीच्या मालकालाच एम.बी.त कंत्राटदार म्हणून दाखवलेलं असल्यामुळे त्यांना पुढे बोलता आलं नाही.

जमिनीखालच्या पोकळ्यांत बोट तरंगती राहावी म्हणून फोम भरलेला होता. त्याने चाळीस वर्षांत इतकं पाणी पिऊन ठेवलं होतं, की तो बोटीला बुडवण्याच्याच कामाचा उरला होता. कचरा डेपोत टाकायला जावं तर तिथे वजनावर पैसे. ओल्या मालाचं वजन देऊन पाण्याचे पैसे भरणं अण्णांना मंजूर नव्हतं. त्यांनी फोमचे तुकडे करून सगळ्या ड्राइव्हवेवर वाळत घातले आणि स्वतः खुर्ची टाकून राखणीला बसले. कावळेही फिरकले नाहीत, पण समोरचे ग्रीक आजोबा आले. दोघांनाही एकमेकांचं इंग्रजी कळत नव्हतं. दुपारपर्यंत दोघांचं यावर एकमत झालं होतं, की हल्लीच्या मुलांना कामाची अक्कल नाही.

अण्णांची खरी किंमत पुढे कळली. साडूंच्या मनात सगळे वासे एकदम उपटून बोट आतून स्वच्छ करायची होती. अण्णा आडवे आले. "छपराच्या सगळ्या कैच्या एकदम उतरवता का कधी?" त्यांचं बरोबर होतं. वासे गेले की कवचाला आकार धरून ठेवणारं काही उरत नाही. ते ट्रेलरच्या चार टेकूंवर हळूच पोट सोडतं, आणि मग त्या वाकड्या पोटात नवं लाकूड बसवलं की बोट जन्मभर वाकडी चालते. म्हणून आधी ट्रेलर पाणसळीत आणला. मग खालून लाकडी खोगिरं देऊन तळ जागोजाग उचलून धरला, नाळेपासून ट्रान्समपर्यंत लाइनदोरी ताणली, आणि एक वासा काढून त्याच्या जागी नवा चिकटवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. इंजिन उचलण्याआधी त्याच्या पायांची उंची मोजून ठेवली, कारण इंजिनाचा दांडा आणि पंपाचा दांडा एका रेषेत नसले तर बोट पळण्याऐवजी थरथरत बसते. ही सगळी मापं एम.बी.त आहेत, तीही मिलिमीटरमध्ये. अण्णांनी मोऱ्यांची मापं कधी इतक्या बारकाईने घेतली होती का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

लाकडावरून मात्र वाद झाला. अण्णांना साग हवा होता. "१८१७ साली मुंबईत वाडियांनी बांधलेली ट्रिंकोमाली नौका मलबारी सागाची आहे. इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते." साडूंनी फोनवर इथल्या सागाचा भाव दाखवला. अण्णांनी चष्मा पुसून परत बघितला. शिवाय साग तेलकट, त्याला इपॉक्सी नीट धरत नाही, हे कळल्यावर त्यांना सन्मानाने माघार घेता आली. शेवटी वाशांना ओरेगॉन आणि जमिनीला, ट्रान्समला क्वीन्सलँडच्या हूप पाइनचा मरीन प्लाय ठरला. प्लायचे दोन तुकडे लांबीत जोडताना दोन्ही कडा तिरप्या तासून एकावर एक चिकटवतात. उतार एकास आठ. गटारांना एकास शंभर उतार देण्यात हयात घालवलेल्या माणसाला हा उतार उधळपट्टीचा वाटला, पण तासण्याचं काम त्यांनी कोणालाही दिलं नाही. रविवारी सकाळी आठच्या आत इथे यंत्रं चालवायला बंदी आहे. अण्णा सहापासून रंधा मारत.

इपॉक्सीचं खातं सासूबाईंकडे कसं गेलं ते कळलंच नाही. दोन भाग राळ, एक भाग हार्डनर, आणि कोपरे भरायचे असतील तर त्यात दाट करणारी पूड. किती दाट, हे डब्यावर इंग्रजीत एक परिच्छेद भरून लिहिलेलं होतं. सासूबाईंनी काठी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "श्रीखंडाइतकं. चक्का नको." पुढचं सगळं त्याच मापाने झालं. साडूंनी एकदा घाई करून आइस्क्रीमचा मोठा डबा भरून मिश्रण एकदम कालवलं. मोठ्या साठ्यात उष्णता कोंडते, मिश्रण स्वतःच तापत जातं. थोड्या वेळाने डब्यातून धूर निघाला आणि तळ वितळला. सासूबाई म्हणाल्या, परातीत पसरलं असतं तर निवलं असतं. तेव्हापासून आम्ही परातीत पसरतो. पश्चिम सिडनीच्या उन्हाळ्यात तर ते भागच आहे. पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश तापमान होतं. तशा हवेत राळ भांड्यातून ब्रशवर येईपर्यंतच दगड होते.

फायबरग्लास घासण्याबद्दल मी फार लिहीत नाही. मास्क, गॉगल, गळ्यापर्यंत ओव्हरऑल, सगळं घातलं तरी काचेची कुसळं आत शिरतात. साडू ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये टेबलाखाली काय करत असत ते आम्हालाच ठाऊक.

बोट पाण्यात गेली ती विंडसरला, हॉक्सबरी नदीत. इंजिन एका दमात सुरू झालं. पात्रात मासे धरत बसलेले दोघे उठून उभे राहिले. नवी जमीन दणदणीत, थरथर नाही. मेहुणी मुद्दाम दोन्ही पायांनी उडी मारून बघत होती. सगळं छान चाललं होतं ते धक्क्याकडे परत येईपर्यंत. साडूंनी समोर धक्का बघून शहाण्या माणसासारखा थ्रॉटल सोडला आणि चाक वळवलं. जेटबोटीत हे चालत नाही. पाणी फेकणं थांबलं की वळायला तिच्याकडे काही उरतच नाही. चाक पूर्ण डावीकडे आणि बोट नाकासमोर, अशी ती धक्क्यावर निघाली.

"रेस द्या! जावईबापू, रेस द्या!" अण्णा ओरडले.

समोर अडथळा दिसला की वेग वाढवायचा, हे शिकायला इथल्या लोकांना म्हणे फार दिवस लागतात. साडूंनी कॉलेजची चार वर्षं पुण्यात स्कूटर चालवली होती. त्यांनी रेस दिली. बोट धक्क्यापासून हातभर अंतरावर गर्रकन वळली, आणि तिचं पाणी रॅम्पवर बर्म्युडा घालून उभ्या असलेल्या एका गृहस्थांवर गेलं. ते म्हणाले, "नाइस बोट, मेट."

संध्याकाळी साडूंनी एम.बी. पुढे केली आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागितला. अण्णांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"दोषदायित्व कालावधी संपल्याशिवाय अंतिम देयक निघत नाही. एक पावसाळा तरी काढायला हवा."

"अण्णा, इथे पावसाळा नसतो," साडू म्हणाले.

मी फक्त एवढंच म्हणालो, की २०२२ मध्ये याच विंडसरला मार्चमध्ये एकदा आणि जुलैत एकदा असा पूर आला होता. बायकोने टेबलाखालून लाथ मारली, पण तोपर्यंत अण्णा मेहुणीला पुढच्या वर्षीच्या व्हिसाचा फॉर्म उघडायला सांगत होते. मुदत किती मागू, असं तिने विचारलं. अण्णा म्हणाले, बारा महिने. सासूबाई म्हणाल्या, की मग परात मोठी घेऊन येते.