ओवीचे बाबा, लाइव्ह

पाळणाघराच्या दारात माणसाचं आडनाव गळून पडतं. बँकेत आणि पासपोर्टवर काहीही लिहिलेलं असो, तिथे तुम्ही अमक्याची आई नाहीतर तमकीचे बाबा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा गृहस्थ आर्किटेक्ट आहे. इमारतींचा नव्हे, सॉफ्टवेअरचा. हिंजवडीत विटेला हात न लावता आर्किटेक्ट होता येतं. पण त्याचं खरं नाव हल्ली आम्हालाही पटकन आठवत नाही. तो ओवीचे बाबा आहे. ओवी दोन वर्षांची आहे, कोथरूडला माझ्याच सोसायटीतल्या काकूंच्या पाळणाघरात असते, आणि दिवसभर ती तिथे काय करते हे आमच्या अख्ख्या टीमला तोंडपाठ आहे. (काकूंचं नाव त्याला मीच सुचवलं. काकू ते मला अधूनमधून ऐकवतात.)

याचं कारण कॅमेरा. काकूंनी हॉलमध्ये आणि खेळायच्या खोलीत एकेक बसवला, आणि पालकांच्या आग्रहाखातर तो मोबाइलवर दिसायची सोयही केली. बहुतेक पालकांनी पहिल्या आठवड्यात हौसेने पाहिलं आणि मग ते आपापल्या कामाला लागले. ओवीच्या बाबांचं तेच काम झालं. सकाळी आल्या आल्या ते फोन कॉफीच्या मगाला टेकवून उभा करतात, लॅपटॉपच्या दुसऱ्या स्क्रीनवरही तेच चित्र लावतात, आणि मग उरलेल्या जागेत कंपनीचं काम उघडतात.

चित्राला आवाज नाही. त्यामुळे संवाद ओवीचे बाबा स्वतः भरतात. "बघ, ती म्हणतेय, मला भात नको." ओवीने फक्त तोंड उघडलेलं असतं. ती जांभई असू शकते, शिंक असू शकते. पण बापाला ओठांवरचं कळतं म्हटल्यावर आपण काय बोलणार? मग फोन जातो. "काकू, ओवीच्या डाव्या पायातला मोजा निघालाय." काकू म्हणतात, "हो का, बघते." मोजा सापडतो. तो दुसऱ्या एका बाळाच्या तोंडात असतो, आणि तेही स्क्रीनवर दिसत असतं, पण ते बाळ ओवी नसल्यामुळे नोंद झालेली नसते.

दुपारी मुलं झोपली की जग शांत होईल असं आपल्याला वाटतं. ओवीच्या बाबांची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. मूल झोपलं की हलत नाही, आणि हलत नाही म्हटल्यावर श्वास घेतंय की नाही हे त्या धुरकट चित्रात कसं कळणार? ते चित्र मोठं करतात. मोठं केल्यावर ओवीच्या जागी चार-पाच गुलाबी चौकोन दिसतात. एकदा अशाच वेळी जर्मन क्लायंटबरोबर कॉल चालू होता. पलीकडून विचारणा झाली, काही अडचण आहे का? ओवीचे बाबा स्क्रीनवरची नजर न हटवता इंग्रजीत म्हणाले, "पालथी झोपलीय आणि पाय हलत नाहीयेत." क्षणभर सगळीकडे सन्नाटा. मग आमचा मॅनेजर म्हणाला, "म्हणजे सिस्टिम स्थिर आहे असं त्यांना म्हणायचंय." जर्मनांनी समाधान व्यक्त केलं.

एका मंगळवारी मात्र चित्र गोठलं. आणि गोठलं ते नेमकं मुलांना सांभाळणाऱ्या मावशी ओवीला उचलत असताना. ओवी हवेत, मावशींचा हात अर्धवट, मध्ये ते गोल फिरणारं चक्र. नेट गेलं होतं, एवढंच. हे वाक्य ओवीचे बाबा दिवसातून दहा वेळा इतरांना समजावतात. पण त्या दिवशी ते उठले, हेल्मेट घेतलं आणि निघाले. वाकड, बाणेर, चांदणी चौक, भर दुपारी. ते गेल्यावर पाच मिनिटांत नेट आलं. ओवी केळं खात होती. आम्ही फोन केले, पण दुचाकी चालवताना ते फोन घेत नाहीत. सुरक्षेच्या बाबतीत त्यांचा कुणी हात धरू शकणार नाही.

त्यानंतरचा भाग आम्ही सगळ्यांनी दुसऱ्या स्क्रीनवर पाहिला. जेवून, लवंडून, मुलं नुकती डोळे मिटत होती. दारातून हेल्मेटसकट ओवीचे बाबा आत आले. ओवीने पाहिलं आणि हात पसरले. यांनी तिला घेतलं, सगळीकडून तपासलं, ठीक आहे म्हणून खाली ठेवलं आणि परत निघाले. बाबा येतात ते घरी न्यायला, हा ओवीच्या आयुष्यातला एकमेव पक्का नियम. तो मोडलेला पाहून तिने भोकाड पसरलं. तिचं ऐकून शेजारचा उठला, त्याचं ऐकून पलीकडचे दोघं, आणि पाहता पाहता बाराच्या बारा मुलं रडायला लागली. आवाज नव्हता, पण आमच्या मजल्यावर तो सगळ्यांना ऐकू आला.

या माणसाला हसणं सोपं आहे, आणि मी भरपूर हसलो आहे. पण त्याच्या फोनमध्ये एक जुनी क्लिप जपून ठेवलेली आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईने मारलं, आपटलं, ते चित्रण देशभर टीव्हीवर दाखवलं गेलं. ते ज्याने पाहिलं त्याला मूल सोडून ऑफिसला जाताना पोटात गोळा येणारच. "तिथे कॅमेरा नसता तर?" असं ओवीचे बाबा विचारतात, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. फक्त एवढं सांगावंसं वाटतं की तिथे बाळाला काहीतरी झालंय हे आधी घरच्यांना बाळाकडे पाहून कळलं, आणि चित्रण मग तपासलं गेलं. कॅमेरा पुराव्याला उपयोगी पडला. पहाऱ्याला नाही.

पहाऱ्याचं काय होतं ते मावशींना विचारावं. मावशींची मूल झोपवायची एक पद्धत आहे, जी बहुधा त्यांच्या आजीचीही असेल: पाय लांब करून बसायचं, मूल मांडीवर पालथं घ्यायचं आणि पाठीवर दणदणीत थोपटायचं. तोंडाने काहीतरी गुणगुणत. पाच मिनिटांत मूल गार. आता हेच दृश्य आवाजाशिवाय, वरच्या कोपऱ्यातून बघा. एक बाई एका मुलाला पालथं घालून बडवते आहे. ओवीच्या बाबांनी ते पाहिलं, रेकॉर्ड केलं आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं. खाली प्रश्नचिन्हं. काकूंनी खुलासा केला, दोघा-तिघांनी क्षमाही मागितली. पण मावशींनी थोपटणं सोडलं. संध्याकाळी मुलीला न्यायला आलेल्या ओवीच्या बाबांना त्या म्हणाल्या, "दादा, हात लावू का नको, तेवढं एकदा सांगा. लावला तर मारते म्हणता, नाही लावला तर लक्ष देत नाही म्हणता." आता मुलं झोपायला पाऊण तास घेतात. मावशी मात्र रोज केसाला तेल लावून, ठेवणीतली साडी नेसून कॅमेऱ्यासमोर ताठ बसतात. रडणारं मूल उचलण्याआधी एकदा वर बघतात.

कॅमेऱ्याचा पासवर्ड ही वेगळी कथा आहे. ओवीचे बाबा ऑफिसात दर तिमाहीला आम्हाला पासवर्डच्या सुरक्षेवर व्याख्यान देतात. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे केवळ कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून कसे ताब्यात घेतले, ही त्यांची आवडती गोष्ट. याच गृहस्थांनी ओवीच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड सांगलीच्या आजीला, ठाण्याच्या आत्याला आणि न्यू जर्सीच्या मामाला दिलेला आहे. मामा तिकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर जागून भाचीचं अकराचं दूध बघतो. आजीने तर दुपारची मालिका सोडली. तिला आता सगळी पात्रं पाठ आहेत: तो लाल चड्डीवाला, ती चावरी, तो सारखा बोटं चोखणारा. "त्या लाल चड्डीवाल्याला अजून शी-शूचं सांगता येत नाही गं," असं ती शेजारणीलाही सांगते. म्हणजे कोथरूडच्या एका मुलाची चड्डी सांगलीत गाजते आहे, आणि त्याच्या आईबापांना याचा पत्ता नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. संमती घेतली होती, प्रत्येकाने आपापल्या मुलापुरती दिली होती. कॅमेऱ्याला आपापलं मूल वेगळं काढता येत नाही.

घरात आणखी एक माणूस आहे, ओवीची आई. ती बँकेत काउंटरवर असते, तिथे फोन ड्रॉवरमध्ये. ती दिवसभर काही बघत नाही. 2017 पासून कायद्याप्रमाणे पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असतं. हे तिने मला वाचून दाखवलं आणि हसली, कारण तिच्या शाखेत माणसं किती, तर अकरा. (बापाच्या भेटींबद्दल कायदा गप्प आहे. त्यावर ओवीच्या बाबांनी एक लांबलचक पोस्ट लिहिली होती, आणि त्यात मात्र त्यांचं चुकलं नव्हतं.) तर ओवीची आई संध्याकाळी दारात चपला काढता काढता मावशींना एकच विचारते, "आज कुणाशी भांडली?" मावशी दोन मिनिटं बोलतात. अशाच एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "ताई, दोन दिवस झाले, डावा कान चोळतीय पोर." डॉक्टरांकडे नेलं, कानात इन्फेक्शन निघालं. हे कान चोळणं ओवीच्या बाबांनीही पाहिलं होतं. आम्हाला बोलावून दाखवलंही होतं, ओवीची नवी डान्स स्टेप म्हणून.

शेवटी काकूंनी शनिवारी पालकसभा बोलावली. तिचा वृत्तान्त मला दोन्ही बाजूंनी मिळाला: ओवीच्या बाबांकडून ऑफिसात आणि काकूंकडून जिन्यात. ओवीच्या बाबांनी मुद्दे तयार करून आणले होते. फी आम्ही देतो. लपवायचं नसेल तर दाखवायला हरकत काय? त्यावर लाल चड्डीवाल्याचे बाबा उठले. त्यांना सांगलीची बातमी कुणीतरी पोचवली होती. मग पाच मिनिटं सभेचं पाळणाघर झालं.

काकूंनी तरुणपणी बालवाडीचा कोर्स केलाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो. त्या म्हणाल्या, "ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ज्याला बघायचं त्याने यावं आणि बघावं. मी तुम्हाला कधी येऊ नका म्हटलंय का?" त्यांनी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बारा मुलांना दोन मावशी आहेत. कॅमेरे घ्यायचे ठरले तेव्हा वर्गणी दोन तासांत जमली. तिसऱ्या मावशी ठेवू, फी थोडी वाढवू, असं काकूंनी मागे गटावर लिहिलं, तेव्हा दोन दिवस एकाही पालकाचं नेट चालत नव्हतं. "बघणारे डोळे माझ्याकडे चाळीस झालेत," काकू म्हणाल्या, "नाक पुसणारे हात अजून चारच आहेत."

मला त्या सभेत मत नव्हतं, म्हणून इथे देतो. चित्रण असावं, महिनाभर जपून ठेवावं, आणि शंका आली तर काकूंसमोर बसून पालकाने ते जरूर बघावं. ते मुलासाठी आहे. मगाला टेकवलेलं चित्र बापाच्या जिवासाठी आहे, आणि त्याचं बिल मावशी भरतात. ज्या पाळणाघरात न सांगता जाता येत नाही, तिथे कॅमेरे दहा असले तरी मूल ठेवू नये. जिथे कधीही जाता येतं, तिथे लाइव्हची गरज आठवडाभरात संपते. ओवीच्या बाबांची संपायला थोडा जास्त वेळ लागला. सभेनंतर लाइव्ह बंद झालं, तेव्हा पहिले काही दिवस ते मगाकडे बघत बसायचे. कामाचा वेग वाढला, मॅनेजर खूश झाला, आणि टीममधल्या दोघांना मात्र करमेना. त्यांना त्या चावरीचं पुढे काय झालं ते जाणून घ्यायचं होतं.

सध्या पाळणाघराच्या दारावर काकूंच्या अक्षरात नियम लावलेत. लाइव्ह बंद, रेकॉर्डिंग 30 दिवस राहील. तिसऱ्या मावशी एक तारखेपासून येतील, नवी फी खाली लिहिली आहे. पालकांनी कधीही, न कळवता यावं. फक्त एक ते तीन मुलं झोपलेली असतात, तेव्हा हेल्मेट बाहेर ठेवावं. आणि आल्यासारखं निदान एका मुलाचं नाक पुसून जावं, ते स्वतःचंच असलं पाहिजे असं नाही.