बालाघाटला उतरणाऱ्या वेड्याची स्तुती

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खाला दिला आणि दहावा पढतमूर्खाला. पेंचच्या जंगलात वाघ पाहून कान्हाच्या जंगलाकडे निघालेला, पण मध्येच बालाघाटला सॅक पाठीवर टाकून उतरणारा आणि तिथे अख्खा दिवस घालवणारा प्रवासी लोकांच्या लेखी पहिल्या समासातला. मला तो वंदनीय वाटतो.

हिशेब त्याच्या विरोधात जातो, हे मान्य. पेंचच्या तुरिया गेटपासून कान्हाच्या मुक्की गेटपर्यंत गाडी चार-पाच तासांत पोचवते. सकाळी एका जंगलात वाघ, संध्याकाळी दुसऱ्या जंगलाच्या दारात मुक्काम. मधला प्रदेश काचेबाहेरून सरकून जातो. शहाण्यांना तेवढा पुरतो.

हा वेडा मात्र वैनगंगेच्या काठावर जाऊन बसतो. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी इथून पुढे भंडाऱ्याकडे जाते. तिच्या काठाने मराठी, पवारी, हिंदी, गोंडी कानावर पडत राहते. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला त्यांच्यात सीमा पडली, पण बोलण्यात ती अजून पडलेली नाही. त्याच बोलण्यात ‘छोटी लाईन’ही अजून आहे, म्हणजे गोंदिया-जबलपूर हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग. बालाघाटच्या पुढे त्यावरची गाडी २०१५ पर्यंत जंगलातून धावत होती. स्टेशनवर एखाद्या म्हाताऱ्याजवळ तिचं नाव काढावं, मग आपली पुढची बस चुकली तरी चालते.

पण मी त्याला वंदन करतो ते एका मोठ्या कारणासाठी. मॅकआर्थर आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला: बेट जितकं लहान आणि एकाकी, तितक्या तिथे जाती कमी टिकतात. पाण्याऐवजी शेतं, रस्ते आणि खाणी असल्या तरी नियम तोच. कान्हाचा गाभा ९४० चौरस किलोमीटरचा. नकाशावर तो ऐसपैस दिसतो, पण वाघांच्या पिढ्यान् पिढ्या टिकायच्या तर तेवढा पुरत नाही. कान्हा आणि पेंच ही दोन बेटं आहेत, आणि त्यांना जोडणारा जंगलाचा पट्टा बालाघाट-सिवनी जिल्ह्यांतून जातो. वाघांच्या विष्ठेतल्या जनुकांवरून अभ्यासकांनी दाखवून दिलं, की या दोन जंगलांतले वाघ एकमेकांत मिसळत आले आहेत. म्हणजे आपल्या वेड्याची वाट त्याच्याआधी वाघाने चोखाळली आहे, तीही पायी, रात्रीची, शेताच्या बांधाबांधाने.

तो पट्टा राखायचा की तोडायचा, हे सफारीच्या गेटवर ठरत नाही. छोटी लाईन मोठी करताना याच पट्ट्यातल्या जंगलाचा प्रश्न उभा राहिला होता. रानडुकरं धान तुडवतात, म्हणून कोणी शेताभोवती वीज सोडलेली तार ओढतो. त्या तारेला वाघही चिकटतो. पीक बुडालेल्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळाली, तर ती तार ओढायचं कारण कमी होतं. वाघाचं भवितव्य असं बालाघाटच्या माणसांच्या हातात आहे, आणि आपण त्यांच्या गावातून काच वर करून जातो. वाघ पाहिला पण त्याची वाट पाहिली नाही, वाघांची नावं पाठ आहेत पण त्यांचा शेजार ठाऊक नाही, असा माणूस मला दहाव्या समासातला वाटतो.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. एक सफारी कमी करा आणि बालाघाटला उतरा. स्टेशनजवळच्या टपरीवर पोहे खा. भरवेलीच्या मँगनीज खाणीकडे जाणारे ट्रक मोजा. बाजारात चिन्नोर तांदूळ मागा; २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो शिजताना जो वास सुटतो, तो याच मातीचा.

दोन किलो चिन्नोर सॅकमध्ये घातला की ती जड होते. बैहरच्या घाटात बस चढत असताना ते ओझं खांद्याला जाणवू द्यावं. पुढच्या बेटावर पोचल्यावर जिप्सीत सगळे वाघासाठी कान टवकारून बसतील, तेव्हा तो वाघ ज्याच्या बांधावरून आला असेल, त्याच्या शेतातला तांदूळ आपल्या खोलीत असेल.